पॅरिस मास्टर्स नदालला एकदाही का जिंकता आली नाही? इनडोअरला नेमकं काय बदलतं?

बेसलाइन_सांगली

नमस्कार मंडळी, टेनिस बघणारं कोणी आहे का इथे? मी दरवर्षी ऑक्टोबर संपत आला की पॅरिस मास्टर्स (ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या मोठ्या स्पर्धांना मास्टर्स म्हणतात, ही छताखाली म्हणजे इनडोअर होते) न चुकता बघतो, आपल्याकडे दुपारी साडेतीनच्या सुमारास मॅचेस चालू होतात आणि रात्रीचं सेशन लागेपर्यंत साडेअकरा, त्यामुळे घरचे वैतागतात पण तो आठवडा मी सोडत नाही. यावेळी सहज विजेत्यांची जुनी यादी काढली आणि चक्रावलोच. 2003 हेन्मन, 2005 बर्डिख, 2010 सोडरलिंग, 2012 फेरर, 2017 जॅक सॉक, 2018 खाचानोव, 2022 होल्गर रून. यातल्या प्रत्येकाच्या नावावर मास्टर्स एकच आणि ती हीच (रून अजून खेळतोय म्हणा, पण आत्तापर्यंत तरी). बाकी मास्टर्सना नंतरच्या काळात फेडरर-नदाल-जोकोविच-मरे सोडून कोणाला शिरायला जागा नव्हती आणि इथे मात्र दर दोन-तीन वर्षांनी नवीनच माणूस कप घेऊन जातो.

आणि नदाल! त्याच शहरात मातीवर 14 वेळा फ्रेंच ओपन जिंकलेला माणूस आणि इथे एकदाही नाही. अल्काराझचंही आत्तापर्यंत तसंच चाललंय, 2025 ला पहिल्याच मॅचला नॉरीकडून हरला. छत आलं की असं काय होतं? माझा मित्र म्हणतो सीझनचा शेवट असतो, सगळे दमलेले असतात, बाकी काही नाही. मला ते अर्धंच पटतं. जाणकारांनी सांगा.

व्हॉलीवाला

मी पुण्यात लहान मुलांना शिकवतो त्यामुळे हा विषय रोजचा आहे, जरा लांबण लागेल.

सगळ्यात आधी वारा. टीव्हीवर वारा दिसत नाही म्हणून आपल्याला त्याची किंमत कळत नाही. बालेवाडीला संध्याकाळी जाऊन बघा, पोरगं सर्व्हिससाठी टॉस वर टाकतं, बॉल वीतभर डोक्यामागे सरकतो, मग तो टॉस सोडून द्यायचा, परत बॉल टप्पे खेळवायचा, परत टाकायचा, तोवर लय गेलेली असते. उन्हाकडच्या बाजूने सर्व्ह करताना तर डोळ्यांसमोर नुसता पांढरा ठिपका. छताखाली यातलं काहीच नाही. टॉस दर वेळी त्याच जागी, उजेड तोच, हवा तीच. ज्याची सर्व्हिस मोठी आहे आणि जो बॉल उठताउठता सपाट मारतो त्याला याचा सरळ फायदा, कारण त्याच्या खेळात चुकीला जागाच कमी असते आणि वारा नेमकी तीच जागा खातो. वारा काढला की त्याचे बाहेर जाणारे बॉल लाइनवर पडायला लागतात.

आता नदालचं उलटं बघा. त्याचा टॉपस्पिन (बॉलला पुढच्या बाजूने फिरकी देणारा) फोरहँड उन्हात तापलेल्या मातीवर पडला की समोरच्याच्या खांद्यावर उसळतो, एकहाती बॅकहँडवाल्यांचे किती हाल केले त्याने. इनडोअर हार्ड कोर्टवर (सिमेंटसारखं टणक कोर्ट) तोच बॉल कमरेला येतो, आणि कमरेवरचा बॉल मारायला सगळ्यांनाच आवडतो. 2007 ची फायनल मिळाली तर बघा, नालबांडियनने त्याला 6-4, 6-0 काढलं, बेसलाइनला चिकटून उभा राहून बॉल लवकर घेत होता, नदालला मागे जाऊन उभं राहायला वेळच मिळाला नाही. तो इनडोअरला कच्चा होता असं मात्र म्हणू नका. 2005 ला माद्रिद मास्टर्स इनडोअरच होती, तिथे फायनलला ल्युबिचिचविरुद्ध पहिले दोन सेट हरून त्याने पाच सेटमध्ये जिंकली होती. पण एटीपी फायनल्स (वर्षातल्या पहिल्या आठ जणांची शेवटची स्पर्धा), जी त्याच्या काळात बहुतेक इनडोअरच झाली, तीही त्याला कधी मिळाली नाही, 2010 आणि 2013 ला फायनलपर्यंत जाऊन हरला.

आकडेप्रेमी

@व्हॉलीवाला सर, तुमचं सर्व्हिसचं म्हणणं मान्य पण मग फेररचं काय? पावणेसहा फूट उंची, सर्व्हिस साधी, सगळं करिअर पळण्यावर, आणि 2012 ला तोच जिंकला. आणि जोकोविच, ज्याच्या नावावर इथे सर्वाधिक म्हणजे 7 टायटल्स आहेत, तो काय मुळात सर्व्हिसवर जगणारा प्लेअर नाही.

मला कॅलेंडरचा मुद्दा जास्त मोठा वाटतो. ही सीझनमधली शेवटची मास्टर्स, त्याच्या आदल्या आठवड्यात व्हिएन्ना आणि बाझलच्या स्पर्धा, आणि लगेच पुढे एटीपी फायनल्स (आधी लंडन, 2021 पासून टुरिन). ज्यांचं फायनल्सचं तिकीट आधीच पक्कं झालंय त्यांचं अर्धं डोकं पुढे असतं, आणि ज्याला शेवटची जागा हवीय तो जीव तोडून खेळतो. जॅक सॉकचं 2017 बघा, पहिल्याच मॅचला काइल एडमंडविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये 1-5 ने मागे, तिथून ती मॅच काढली, टायटल जिंकलं आणि थेट लंडनला गेला. खाचानोव जिंकला तेव्हा फायनलला जोकोविच होता, पण आदल्या दिवशी तो फेडररशी तीन तासांच्या वर खेळून आला होता. नदालचं पण तेच, 2017 ला क्वार्टरच्या आधी आणि 2019 ला सेमीच्या आधी त्याने दुखापतीमुळे माघार घेतली. वर्षभर तसं पळल्यावर नोव्हेंबरात शरीर शिल्लक राहणार कुठून?

व्हॉलीवाला

@आकडेप्रेमी फेररचा मुद्दा बरोबर पकडलात, पण त्या वर्षी त्याच्यासमोर फायनलला कोण आलं ते पण बघा ना. येर्झी यानोविच, क्वालिफायर (पात्रता फेरी खेळून आलेला), सहा फूट आठ इंच, तोफेसारखी सर्व्हिस आणि मधेच ड्रॉप शॉट, मरेला मॅच पॉइंट वाचवून हरवून आला होता. बाहेर वाऱ्यात त्याची ती रिस्क टिकली असती असं मला वाटत नाही. जोकोविचचं उत्तर सोपं आहे, वारा नसल्याचा फायदा रिटर्न मारणाऱ्यालाही तितकाच होतो, बॉल येणार तिथेच येतो. इनडोअरला मार खातो तो लांब मागे उभं राहून वेळ काढणारा.

आणि दमणूक वगैरे म्हणाल तर 2025 ला सिनर व्हिएन्ना जिंकून आला, पॅरिस जिंकला, पुढे टुरिनही जिंकला. खेळ छताला जुळणारा असेल तर कॅलेंडर आड येत नाही.

सीनकाठ

मी कामानिमित्त काही वर्षं पॅरिसकडे आहे, जुन्या बेर्सीच्या हॉलला (2024 पर्यंत ही स्पर्धा तिथेच व्हायची) मॅचेस बघितल्यात म्हणून थोडं लिहितो. तुम्ही दोघं कोर्टबद्दल बोलताय पण मला तिथे सगळ्यात आधी जाणवला तो आवाज. बाहेरच्या स्टेडियममध्ये बॉल मारल्याचा आवाज वर उडून जातो, इथे तो छताला लागून परत येतो, मी वरच्या मजल्यावर बसलो होतो तरी कोणाचा बॉल फ्रेमला लागला ते कानाने कळत होतं. प्रेक्षकांत पूर्ण अंधार आणि कोर्ट तेवढं उजेडात, त्यामुळे कोणी सर्व्हिस करायला उभं राहिलं की पंधरा हजार माणसं असून शेजारच्याचं कुजबुजणं ऐकू येतं आणि पॉइंट संपला की तोच हॉल अंगावर येतो. फ्रेंच पब्लिक आपल्या माणसाला उचलून धरतं आणि आवडलं नाही की शिट्ट्या मारून हैराण करतं. 2008 ला त्सोंगा जिंकला, 2024 ला उम्बेर अल्काराझला हरवून फायनलपर्यंत गेला, यात त्या आवाजाचा वाटा मी तरी मोठा धरतो.

ती बिल्डिंग पण वेगळीच आहे, बाहेरच्या तिरप्या भिंतींवर चक्क गवत. 1986 पासून स्पर्धा तिथे होती (पहिला विजेता बेकर), 2006 पर्यंत कार्पेटवर (कोर्टावर अंथरलेला गालिचासारखा थर) आणि 2007 पासून हार्डवर. कार्पेटवर बॉल अजूनच खाली राहायचा, बेकर तीनदा, साफिन तीनदा, सॅम्प्रास दोनदा, ही नावं बघितली की व्हॉलीवाला काय म्हणतायत ते कळतं. मुख्य कोर्ट भव्य होतं पण बाजूची कोर्टं अगदी आखूड, मागे पळायला जागाच नाही, म्हणून 2025 ला सगळं नांतेरच्या ला देफॉन्स अरेनात नेलं. रग्बीचं स्टेडियम आहे ते, 2024 च्या ऑलिंपिकचं पोहणं तिथेच झालं. कोर्टही 2024 पेक्षा स्लो होतं, तेव्हा पुढच्या काही वर्षांत विजेत्यांची यादी बदलते का ते बघायला मजा येईल.

कूर्गचा_फॅन

एवढी चर्चा आणि आपल्या रोहन बोपण्णाचं नाव कोणीच घेतलं नाही? 2011 ला पाकिस्तानच्या ऐसाम कुरेशीबरोबर आणि 2012 ला महेश भूपतीबरोबर, लागोपाठ दोन वर्षं त्याने पॅरिसचं डबल्स जिंकलंय, आणि 2012 च्या फायनलला समोर तोच कुरेशी होता. छताखालची मोठी सर्व्हिस म्हणजे काय हे बघायचं असेल तर आपल्याला आपला माणूस होता की. आणि शेवटची मॅचही तो इथेच खेळला, 2025 ला बब्लिकबरोबर, पहिल्या राउंडला सुपर टायब्रेकमध्ये हरले आणि 1 नोव्हेंबरला त्याने रिटायरमेंट जाहीर केली, वय 45. पुण्यात 2022 ला रामकुमारबरोबर महाराष्ट्र ओपन जिंकला तेव्हा मी बालेवाडीला होतो, त्याची सर्व्हिस जवळून बघितलीय, बॉल टप्पा पडून मागच्या पडद्यावर आपटला तेव्हा कुठे समोरच्याची रॅकेट हलली. सिंगल्सवाल्यांना टीव्ही आहे, पेपर आहे, या माणसाने वीस वर्षांच्या वर इमानेइतबारे डबल्स खेळलं त्याची नोंद आपण तरी ठेवली पाहिजे.

बेसलाइन_सांगली

वा, एका प्रश्नावर एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार सगळ्यांचे. नालबांडियनची फायनल आज रात्रीच शोधतो. बोपण्णाची ती शेवटची मॅच मी बघितली होती, सिंगल्सच्या गडबडीत कॉमेंट्रीवाले पण पटकन पुढे सरकले, वाईट वाटलं.

@सीनकाठ दादा, पुढच्या वर्षी भाऊ जर्मनीत असेल त्याच्याकडे जायचा विचार आहे, तेव्हा पॅरिसला येऊन एखादा दिवस बघायचा तर कधी यावं?

सीनकाठ

सोमवार ते बुधवार या. फायनलच्या मोहात पडू नका, तिकीट महाग आणि सिंगल्सची मॅच एकच. सुरुवातीला दिवसभराच्या सेशनला एकामागून एक मॅचेस असतात आणि बाजूच्या कोर्टांवर डबल्सवाले अगदी हाताच्या अंतरावर दिसतात. मेट्रो 1 किंवा आरईआर ए ने ला देफॉन्सला उतरा, तिथून चालत जाता येतं. स्वेटर आणा, त्या दिवसांत बाहेर चांगलीच थंडी असते. यायचं नक्की झालं की व्यनि करा, मी असेन तर सोबत येतो.