दुसऱ्या मजल्यावर सहा फुटी फिश टँक: स्लॅब पेलेल का?

गावभाग_सांगली: दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये 6 फूट लांब, 2 फूट रुंद आणि 2 फूट उंच टँक ठेवायचाय. घर आरसीसी, पंचवीसेक वर्षांचं. तळमजल्यावर ठेवा असं कृपा करून सांगू नका. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा खालच्या घरात आमचं काही राहिलं नाही. शेजारचे काका म्हणतात स्लॅब खचेल, टँकवाला म्हणतो काही होत नाही. कुणाचं ऐकू?

मिरजकर_मासेवाला: दादा, बिनधास्त ठेवा. गणपतीत आरतीला तुमच्या हॉलमध्ये पंचवीस माणसं उभी राहतात, म्हणजे झालं की दीड हजार किलो. गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असतेच. आजवर कुणाचा स्लॅब पडला?

साइटवरचा: मासेवाले, गच्चीवरची टाकी कुठं बसवलेली असते ते एकदा वर जाऊन बघा. बहुतेक ठिकाणी जिन्याच्या भिंतींवर किंवा बीमवर. स्लॅबच्या मधोमध कुणी ठेवत नाही. आणि आरतीची माणसं अर्ध्या तासात प्रसाद घेऊन घरी जातात. टँक रात्रंदिवस, वर्षानुवर्षं तिथंच. कायमच्या वजनानं काँक्रीट हळूहळू वाकत जातं.

आता हिशोब. 24 घनफूट म्हणजे 680 लिटर, तेवढेच किलो. 12 मिलिमीटर काच सव्वाशे किलो. वाळू, दगड, लोखंडी स्टँड धरून नऊशेच्या पुढं. हे सगळं जेमतेम 12 चौरस फुटांवर. राहत्या खोलीचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणं चौरस मीटरला साधारण 200 किलोच्या वापरभारासाठी, म्हणजे माणसं आणि सामान यांच्या वजनासाठी, धरतात. टँकखाली ते आठशेवर जातं.

मिरजकर_मासेवाला: चौपट म्हणून घाबरवू नका हो. तो 200 चा आकडा अख्ख्या खोलीभर धरलेला असतो. दहा बाय बाराची खोली घेतली तर दोन हजार किलोच्या वर जातं. शिवाय डिझाईनमध्ये सुरक्षिततेची सूट असते ती वेगळीच.

साइटवरचा: ती सूट खराब काँक्रीटसाठी, गंजलेल्या सळईसाठी ठेवलेली असते, आपण खर्च करायला नाही. पण एक मान्य, एकूण वजनापेक्षा जागा महत्त्वाची. भिंतीखाली बीम असेल तर टँकची लांबी त्या बीमवर, कॉलमच्या जवळ घ्या. खोलीच्या मध्यावर अजिबात नको. बाल्कनीचं तर नावच काढू नका, तिला बाहेरून आधार नसतो. स्टँडला चार बारीक पाय नकोत, खाली सलग चौकट हवी. नाहीतर सगळा भार चार ठिकाणी येतो आणि आधी फरशी तडकते.

कराडची_ताई: आमच्याकडं अजून एक बघावं लागतं. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप घरातली मोठी माणसं अजून सांगतात. उंच, अरुंद स्टँडवर टँक नको. धक्क्यात पाणी हेलकावतं आणि सगळं वजन एका बाजूला जातं. काठापासून तीन-चार बोटं पाणी कमीच ठेवा.

मिरजकर_मासेवाला: तरी मी म्हणतो, चांगल्या आरसीसीत हा टँक बसतो. माळवदाचा, म्हणजे लाकूड-मातीच्या छताचा वाडा असता तर मीच नको म्हटलं असतं.

साइटवरचा: "चांगल्या" हे बघितल्याशिवाय कसं कळणार? गावभाग, पहिल्या मजल्यावर जाऊन छताकडं बघा. ओल, फुगलेलं प्लास्टर, सळईच्या रेषेत तांबूस भेग, यातलं काही दिसलं तर टँक रद्द. नसेल तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला जुने नकाशे दाखवा. त्यानं जागा खुणावून दिली की मगच काच कापायला सांगा.

गावभाग_सांगली: खाली जाऊन आलो. छत कोरडं आहे, पण बीम टीव्हीच्या भिंतीखाली आहे. टीव्ही हलवतो. नकाशे माळ्यावर असतील, शोधतो.