मदत हवी आहे : गाडीचं लॉक जाम, चावी फिरून नाही राहिली

कपाशीवाला : राजेहो, लवकर सांगा. दाराचं लॉक गोठल्यासारखं झालं. चावी आत जाते, फिरत नाही. धामणगावला रेल्वेवरून पाहुणे आणायचे आहेत. दारव्ह्याचा मेकॅनिक दुपारशिवाय येत नाही म्हणते. घरच्या घरी काय करता येईल?

गॅरेजवाला_पुसद : गाडी कोणती? दार कोणतं? रिमोट आहे का नुसती चावी? एवढं तर सांगा भाऊ.

बिनधास्त_बडनेरा : जोर लावा. माझ्या गाडीचं असंच झालं होतं. पकडीनं चावी धरली, फिरवली, खटकन उघडलं.

गॅरेजवाला_पुसद : अन् चावी आत तुटली तर? मग लॉकच काढावं लागते. पकड लावू नका.

कपाशीवाला : मारुती ८००. ड्रायव्हरचं दार. रिमोट कायचा त्याले.

शंकेखोर : दुसऱ्या दारानं शिरा ना मग. एवढा धागा कशाला?

कपाशीवाला : ते दार कोठ्याच्या भिंतीला चिकटून आहे. गाडी गिअरमध्ये आहे, हँडब्रेक ओढला आहे, म्हणून ढकलताही येत नाही. डिक्कीचं विचारण्याआधीच सांगतो, तिथून मागच्या सीटपर्यंत ढेपेची पोती आहेत.

माजी_फौजी : लेहला पोस्टिंग होती तेव्हा सकाळी हेच व्हायचं. लॉकात ओल शिरते, रात्री तिचा बर्फ होतो. सॅनिटायझर चावीला लावून आत घाला, अल्कोहोलनं बर्फ सुटतो. गरम पाणी ओतू नका. ते पुन्हा गोठते, काचेला तडा जातो तो वेगळाच.

नागपुरी_संत्रं : काका, दारव्ह्यात बर्फ? नागपूरला २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ अंशांवर गेला होता, तरी पाणी गोठायला शून्य लागते.

माजी_फौजी : अनुभव सांगितला. घ्यायचा तर घ्या.

आर्वीकर : जवसाचं तेल सोडा दोन थेंब. आमच्या वाड्याच्या कुलपांना आजोबा तेच लावायचे.

गॅरेजवाला_पुसद : जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होते, म्हणून तर लाकडाला पॉलिश म्हणून लावतात. लॉकात टाकाल तर आतमध्येच पॉलिश बसेल. कपाशीवाले भाऊ, एक सांगा, दुपारी उघडते का?

कपाशीवाला : हो, उन्हात उघडते. सकाळीच नाटक करते. थंडी वाढल्यापासून.

गॅरेजवाला_पुसद : लॉकात काय टाकलं होतं?

कपाशीवाला : मी काही नाही. बाबांनी पोळ्याच्या सुमारास खोबऱ्याचं तेल सोडलं होतं, पावसानं करकर करत होतं म्हणून. तेव्हापासून मस्त चालून राहिलं होतं की.

गॅरेजवाला_पुसद : घ्या, सापडलं. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजते. पोळ्याला उकाडा होता, तेव्हा पातळ होतं. आता बाथरूममधली बाटली पाहा, तेच लॉकात झालं आहे, वरून धूळ अन् कापसाची रुई चिकटली असेल. लॉकात स्प्रिंगवर बारीक पट्ट्या असतात. चावीच्या खाचांप्रमाणे त्या सरकल्या तरच आतला सिलिंडर फिरते. त्या तेलात रुतल्या म्हणून चावी जाते पण फिरत नाही.

गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून लॉकावर दाबून धरा. हेअर ड्रायर असेल तर तोही चालते. चावीचं पातं गरम पाण्यात बुडवा, पुसा, घाला. हलक्या हातानं डावी-उजवी करा. लायटर लावू नका, रंग फुगेल.

बिनधास्त_बडनेरा : एवढं कशाला? डब्ल्यूडी-४० चा स्प्रे मारा, विषय संपला.

गॅरेजवाला_पुसद : ते धुवायला चांगलं. नंतर मारा, चावी घालून-काढून पुसत राहा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. पण तेवढ्यावर सोडू नका, उरलेल्या पातळ तेलावर पुन्हा धूळ बसते. वाळलं की ग्रॅफाइट पावडर फुंका.

आर्वीकर : पावडर नसेल तर पेन्सिलीचं शिस चावीवर घासा.

शंकेखोर : शिसात माती मिसळलेली असते. लॉकात माती घालणार का?

आर्वीकर : चिमूटभर तरी जाते का ती? आमचं कुलूप त्यावरच चालून राहिलं.

शंकेखोर : मघाशी तर ते जवसावर चालत होतं.

कपाशीवाला : उघडलं!! पिशवीनंच झालं. निघालो.

नागपुरी_संत्रं : पाहुणे आले म्हणजे हुरडा असेल. आम्हाला कधी बोलावता?

शंकेखोर : ८०० म्हणजे १५ वर्षं कधीच होऊन गेली असतील. आरसी पुन्हा करून घेतली का? नाहीतर लॉक उघडून काय फायदा.

कपाशीवाला : पोचलो घरी. आरसी केली आहे, तुम्ही काळजी नका करू. पाहुण्यांनी रस्ताभर विचारलं, डोक्याचं तेल लॉकात कोणी टाकते का म्हणून. बाबा म्हणतात दुपारी तर चालते ना, मग दुपारीच जात जा. ग्रॅफाइट पावडर दारव्ह्यात कोठे भेटते?

गॅरेजवाला_पुसद : चावीवाल्याकडे विचारा, नाहीतर हार्डवेअरवर. डिक्कीच्या लॉकातही बाबांनी तेल सोडलं असेल, तेही धुऊन घ्या.

माजी_फौजी : सॅनिटायझर लावून पाहिलं होतं का?