मदत हवी आहे : १२ ते १५ वयासाठी नवी सचित्र कथापुस्तकं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांच्या वाचनपेटीसाठी अलीकडे निघालेली सचित्र पुस्तकं सुचवा. लहानांचं भागतं, ज्योत्स्ना, प्रथम, तूलिका या प्रकाशनांची पुस्तकं आहेत. प्रथमची वाचनपातळी १ म्हणजे साधारण २५० शब्दांपर्यंतची गोष्ट, पातळी ४ म्हणजे १५०० च्या पुढे. खरी अडचण सातवी ते नववीची. पानभर चित्राखाली दोन ओळी दिसल्या की ही मुलं पुस्तक बाळबोध म्हणून ठेवून देतात, आणि नुसत्या मजकुरात दहाव्या पानावर अडतात. ८० ते १२० पानं, दर तीन-चार पानांना चित्र, टाइप १४ पॉइंट, असं काही? चित्रकादंबरी (ग्राफिक नॉव्हेल) उत्तमच, पण संवादांच्या फुग्यांतली अक्षरं बारीक नकोत. बांधणी शिवलेलीच हवी. इथल्या पावसाळ्यात नुसती चिकटवलेली पाठ सुटते. मराठी-कन्नड जोडपुस्तक, म्हणजे एकाच पुस्तकात दोन्ही भाषा, असेल तर आवर्जून कळवा.