१/१६ टायगर १, कुर्स्कच्या रूपात: किट घ्यावं की तयार मॉडेल?

माती_आणि_ट्रॅक:
१/१६ मापाचा रिमोटवर चालणारा टायगर १ हा जर्मन रणगाडा घ्यायचा आहे, जुलै १९४३ च्या कुर्स्कच्या लढाईतला वाटेल असा. तामियाचं जोडायचं किट आणि हेंग लाँगचं तयार मॉडेल यांत अडकलोय. मातीत, गवतात चालवणार आहे, नुसता कपाटात ठेवणार नाही. वरून झिमेरिटचा (चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून रणगाड्यावर लावायचा) लेपही द्यावा म्हणतो. धातूचे ट्रॅक (चाकांवरचे साखळपट्टे) आत्ताच घ्यावेत का?

ड्राइव्ह_स्प्रॉकेट:
झिमेरिट डोक्यातून काढा. कारखान्यात तो लेप लागायला सुरुवात झाली ऑगस्ट १९४३ च्या अखेरीस, म्हणजे कुर्स्कनंतर. तुम्हाला हवा तो उंच, पिंपासारखा कमांडरचा घुमट आणि रबरी कडांची चाकं. बुटका ओतीव घुमट जुलै १९४३ पासून आला, पोलादी चाकं फेब्रुवारी १९४४ पासून. त्यामुळे खोक्यावर नुसतं 'टायगर १' वाचून घेऊ नका, फोटोत या दोन गोष्टी आधी पाहा. घुमट नंतर बदलता येतो, पण एकमेकांत गुंतलेली चाकं बदलायची तर अर्धा रणगाडा उसवावा लागतो.

तामियाच्या किटला चार चॅनेलचा रिमोट, रिसीव्हर, बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यावे लागतात, हे खर्चात धरा. पण जोडताना प्रत्येक भाग हाताखालून जातो, त्यामुळे पुढे दुरुस्ती सोपी पडते. हेंग लाँगमध्ये रिमोट सोबत येतो, लगेच चालवता येतो. त्यात धातूचा गिअरबॉक्स असलेलीच आवृत्ती घ्या.

धातूचे ट्रॅक एकटे कधीच बसवू नका. सोबत धातूचे स्प्रॉकेट (ट्रॅक ओढणारी दातेरी चाकं), धातूचे आयडलर (दुसऱ्या टोकाची, ट्रॅक ताणून धरणारी चाकं) आणि पोलादी गिअर हवेतच. नाहीतर वजनाने प्लास्टिकचे दात झिजतात, ट्रॅक दातांवरून उड्या मारतो, आयडलरचा आस वाकतो. टायगरला वर रिटर्न रोलर (वरचा ट्रॅक पेलणारी छोटी चाकं) नाहीत, म्हणून वरचा ट्रॅक चाकांवर किंचित टेकलेला दिसला पाहिजे. ताणून तारेसारखा केलात तर मोटर तापते आणि बॅटरी लवकर उतरते.

पुट्टी_आणि_ब्रश:
तपशिलांचं माझं मत: आधी बिनसजावटीचा रणगाडा भरपूर चालवून घ्या, दोष काढा, मगच सजवा. सजवलेली हल (रणगाड्याचं खालचं मुख्य धड) पुन्हा पुन्हा उघडली की नाजूक भाग तुटतात.

बुरुजाचा पुढचा मँटलेट (तोफेभोवतीची चिलखती ढाल) ओतीव आहे, त्याला लिक्विड सिमेंटमध्ये (प्लास्टिक जोडायचा पातळ गोंद) सैल केलेली पुट्टी जुन्या ब्रशने टोचून लावा. बाकी चिलखत लाटलेल्या पत्र्याचं आहे, ते खडबडीत करू नका. वेल्डिंगसाठी एपॉक्सी पुट्टीची सुतळीसारखी वळी सांध्यात बसवायची आणि ओली असतानाच सुरीच्या पाठीने थोड्या थोड्या अंतरावर दाब देत जायचं. मशीनगनचं तोंड ०.५ मिमी ड्रिलने उघडा, ७.९२ मिमीच्या नळीचं प्रमाण तेच येतं. ओढायचा जाड दोर ३२ मिमीचा होता, म्हणजे २ मिमीची पिळाची तार घ्यावी. किटमधला दोरा तिथे लगेच नकली दिसतो.

रंग गडद पिवळा, पण स्प्रॉकेटचे दात आणि ट्रॅकच्या आतल्या बाजूला रंग नको, तो सोलून गिअरमध्ये जातो. ऑइल वॉश (थिनरमध्ये पातळ केलेला तैलरंग) देण्याआधी वार्निशचा थर द्या. स्क्रूच्या भोकांत थिनर साचला की ताण असलेलं प्लास्टिक तडकतं.

माती_आणि_ट्रॅक:
झिमेरिट रद्द! गवतात वळताना ट्रॅक निसटतो असं ऐकलंय, ते कशाने?

ड्राइव्ह_स्प्रॉकेट:
बहुतेकदा स्प्रॉकेट आणि आयडलर एका रेषेत नसतात. हल उलटी ठेवून मागून पट्टी लावून पाहा, फरक असेल तर आसावर पातळ वॉशर घाला. दुसरं कारण स्प्रॉकेट शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू: तो शाफ्टच्या सपाट बाजूवर बसला नसेल तर फिरतो. थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) फक्त धातूवर, टोकाएवढाच लावा, प्लास्टिकला लागला तर तडे जातात. गवत स्प्रॉकेटमागे आसाभोवती गुंडाळतं, ते प्रत्येक फेरीनंतर चिमट्याने काढा. आणि जागच्या जागी गरागरा फिरवण्याऐवजी थोडं पुढे घेत वळवा.

२ सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी असेल तर दर सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. धुराच्या यंत्रात तेल संपलं की वात जळते, तेव्हा कोरडं चालवू नका.