स्विचबोर्ड काढला आणि मागे भलतंच निघालं

किचनच्या जुन्या टाइल्स काढायच्या म्हणून स्विचबोर्ड उघडला तर आत वायरी नुसत्या पिळून चिकटपट्टी मारलेली, ती पण वाळून सुटलेली, एका वायरचं इन्सुलेशन तपकिरी पडलंय, आणि हिरवी वायर कापून मागे दुमडून ठेवलीय. पण एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) कधीच पडला नाही. तेवढा जॉइंट नीट करून टाइल बसवू का?

उत्तर १: एमसीबी पडला नाही याला काही अर्थ नाही हो. लूज जॉइंट तापतो पण करंट वाढत नाही, मग एमसीबीला कळणार कसं? आधी मेन बंद करा.

उत्तर २: मला तर हिरव्या, म्हणजे अर्थिंगच्या वायरीची जास्त भीती वाटते. फ्रिजच्या बॉडीत करंट उतरला तर जायला वाटच नाही, हात लावणाऱ्यातूनच जाणार. 30 मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) आहे का? नसेल तर बसवाच, पण अर्थिंग जोडायचं ते जोडायचंच.

प्रश्नकर्ता: आरसीसीबी नाहीये. या लाइनला एमसीबी 32 अँपचा आणि वायर 1.5 चौरस मिमीची दिसतेय, चालतं ना?

उत्तर १: अजिबात नाही! 1.5 च्या वायरला 10 अँपचा एमसीबी, फार तर 16. 32 वाला पडायच्या आत वायरचं इन्सुलेशन वितळेल. एका बोर्डात एवढं निघालं म्हणजे बाकीचे पण उघडायला लावा, इलेक्ट्रिशियनकडून मेगर टेस्ट (वायरींचं इन्सुलेशन तपासायची) करून घ्या, आणि जॉइंट भिंतीत गाडू नका, उघडता येईल अशा बॉक्समध्येच ठेवा. टाइलवाला कुरकुर करेल, करू दे.