मदत हवी आहे: मिक्सर ओढताना पिकअपला ५०-६० च्या स्पीडला व्हायब्रेशन

नमस्कार मंडळी,

स्लॅबच्या कामाचं मिक्सर मशीन मागे जोडून न्यायला डिझेल पिकअप वापरतो. ड्राइव्ह मागच्या चाकांना. कामं वाई ते शिरवळ पट्ट्यात, त्यामुळे खंबाटकी घाट नेहमीचाच. दिवाळीनंतर गाडीत थरथर सुरू झाली आहे आणि मूळ काही सापडत नाही.

स्टेअरिंग एकदम शांत असतं. थरथर पायाखालच्या पत्र्यातून आणि सीटमधून येते, बारीक, घुंई आवाजासकट. ५० ला चालू होते, ६० ला सगळ्यात जास्त. मिक्सर जोडून शिरवळकडून घाट चढताना अॅक्सिलेटर दाबला की डॅशबोर्डवरची पाण्याची बाटली उभी राहत नाही. पाय काढला की निम्म्याने कमी. मिक्सर सोडून रिकामी चालवली तरी थोडी असतेच. पण हौद्यात सिमेंटच्या गोण्या भरून, मिक्सर न जोडता निघालो तर जवळपास काहीच जाणवत नाही! इथेच माझं डोकं चालेनासं झालंय.

आतापर्यंत चारही चाकांचं बॅलन्सिंग केलं, मागचे टायर पुढे टाकून पाहिले, फरक शून्य. सपाट मोकळ्या रस्त्यावर रिकामी गाडी ६० ला नेऊन न्यूट्रल केली, तरी थरथर राहिली, म्हणजे इंजिन आणि क्लच सुटले असं मी धरतो. जॉइंटच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे फिरणं पोचवणाऱ्या लांब शाफ्टच्या, मधल्या सेंटर बेअरिंगचं रबर फाटलं होतं, ते नवीन टाकलं. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आता गॅरेजवाले म्हणतात अख्खा जॉइंट बदला. खर्च मोठा आहे, सीझन तोंडावर आहे, आणि बदलूनही थरथर राहिली तर काय?

एक गोष्ट महत्त्वाची असेल म्हणून सांगतो. दिवाळीच्या आधी मागे दोन्ही बाजूंना एकेक पाटा (स्प्रिंगची पट्टी) वाढवून घेतला होता, गाडी मागून बसत होती म्हणून. त्याचा याच्याशी संबंध असू शकतो का? असेल तर तपासायचं कसं?

प्रतिसाद

दादा, संबंध आहे, आणि गोण्यांनीच तो दाखवून दिलाय. पाटा वाढवल्यावर रिकामी गाडी मागून उचलली गेली, त्यामुळे जॉइंट आणि हाउसिंग (मागच्या दोन चाकांमधला अॅक्सलचा डबा) यांमधला कोन बदलला. गोण्या भरल्या की गाडी खाली बसते आणि कोन जागेवर येतो. मिक्सरचं वजन मात्र बहुतेक त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं, हौद्यावर फारसं येत नाही. म्हणजे मागचा भाग उंचच राहतो आणि वर चढाला ओढ पूर्ण. म्हणून तेव्हा सगळ्यात वाईट.

जॉइंट चाकांच्या साधारण चौपट वेगाने फिरतो, म्हणून थरथर बारीक लागते. चाकाची असती तर जाड, हेलकाव्यासारखी लागली असती.

आधी फुकटातलं बघा. गाडी सपाट जागेवर, चाकं जमिनीवरच ठेवून, दगड लावून उभी करा. जॅकवर उचलून हाउसिंग लोंबकळत ठेवलं तर माप चुकतं. खाली जाऊन जॉइंट हाताने पिळून पाहा. क्रॉसमध्ये (जॉइंटच्या टोकाचा अधिकच्या चिन्हासारखा सांधा) जरा जरी खटका लागला किंवा त्याच्या टोकांवरच्या कपाच्या कडेला तांबूस गंज दिसला तर आधी क्रॉस बदला. पाट्यांचे यू-बोल्टही कसून घ्या, नवीन पाटा बसला की ते ढिले पडतात. मग मोबाईलच्या अँगल अॅपने जॉइंटचा आणि हाउसिंगच्या तोंडाचा कोन मोजा, एकदा रिकामी आणि एकदा गोण्या भरून. दोन्हींत मोठा फरक आला तर पाटा आणि हाउसिंगच्या मध्ये तिरकी पट्टी टाकून कोन जुळवता येतो. अख्ख्या जॉइंटपेक्षा ते कितीतरी स्वस्त.

बेअरिंग टाकताना जॉइंट सोडवला होता ना? मग स्लिपच्या (जॉइंटचा आत-बाहेर सरकणारा दातेरी भाग) दोन्ही बाजूंचे वाय, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एका रेषेत आहेत का तेही बघा. एक दाता जरी सरकला तरी थरथर वाढते.

आणि क्रॉसमध्ये खेळ निघाला तर तो बदलेपर्यंत मिक्सर जोडून घाटात जाऊ नका. पुढचा क्रॉस चालत्या गाडीत तुटला तर जॉइंटचं टोक रस्त्यात रुततं.