मदत हवी आहे: फुची उंदरांच्या आतड्यात बिनरंगाच्या पेशी, क्रे चाललं नाही का?

मूषकवाहिनी

नमस्कार मंडळी. पाककृती आणि राजकारणाच्या गर्दीत हा धागा कोण उघडेल माहीत नाही, पण मागे इथेच कोणीतरी माझा वेस्टर्न ब्लॉटचा घोळ निस्तरला होता म्हणून परत हिंमत करतेय.

पुण्यात पीएचडी करते, तिसरं वर्ष. लहान आतड्यातल्या पेशी विभागायच्या कधी थांबतात हा विषय. त्यासाठी फुची-टू-ए उंदीर वापरतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, या उंदरांच्या पेशींच्या केंद्रकात दोन रंगांची सोय केलेली असते. पेशी जी-वनमध्ये, म्हणजे विभागणीनंतर आणि डीएनएची नक्कल सुरू होण्याआधी, असली की लाल दिसते (सीडीटी-वन या प्रथिनाच्या तुकड्याला लाल चमकणारं एमचेरी जोडलंय) आणि एस, जी-टू, एममध्ये, म्हणजे नक्कल सुरू झाल्यापासून विभागणीपर्यंत, हिरवी (जेमिनिन या प्रथिनाच्या तुकड्याला एमव्हीनस). नको तो तुकडा पेशी त्या त्या वेळी स्वतःच मोडून टाकते, म्हणून रंग बदलतो. मूळ फुची 2008 मध्ये जपानच्या रिकेनमध्ये मियावाकींच्या लॅबने काढली, तेव्हा दोन रंगांच्या दोन वेगळ्या उंदीर-लाइन होत्या आणि त्यांचा क्रॉस करत बसावं लागायचं. टू-ए 2014 मध्ये एडिनबरामधून आली, त्यात दोन्ही रंग जीनोममधल्या रोझा-26 या एकाच जागी, आणि पुढे स्टॉप (रंग बंद ठेवणारा डीएनएचा तुकडा); क्रे हे एन्झाइम तो कापून उडवतं, म्हणजे क्रे असेल त्याच पेशीत रंग येणार. आमचं विलिन-क्रे आहे, म्हणजे आतड्याच्या अस्तरात चालणारं क्रे.

आता रडगाणं. व्हिलस (आतड्याच्या आतले बोटांसारखे उंचवटे) छान लाल दिसतायत, क्रिप्टमध्ये (त्यांच्या बुडाच्या खळग्या, जिथे नव्या पेशी तयार होतात) हिरव्या पेशीही आहेत, पण त्याच क्रिप्टमध्ये मधेमधे डॅपीचं (डीएनए रंगवणारं द्रव्य) निळं केंद्रक दिसतं आणि त्यात ना लाल ना हिरवं. दात पडलेल्या कंगव्यासारखं दिसतं ते. मॅडम म्हणतात क्रे नीट चालत नाहीये, नवीन क्रॉस लाव. एथिक्स कमिटीने मंजूर केलेल्यातले चारच उंदीर उरलेत, नवीन क्रॉस म्हणजे परत अर्ज, परत मीटिंग, दिवाळी गेली. कोणी हे बघितलंय का?

कावळा_लॅबमधला

आधी सांग टिश्यू कसा केलास. पॅराफिनमध्ये घातला असशील तर पुढचं बोलायलाच नको, अल्कोहोल आणि झायलीनमधून गेल्यावर रंग कुठला राहतोय. आणि क्रे आहे हे कशावरून म्हणतेस? कानाच्या तुकड्याचा पीसीआर असेल तर त्यावरून फक्त जीन आहे एवढंच कळतं, विलिन कानात चालत नाही, त्यामुळे आतड्यात स्टॉप उडाला की नाही ते कान कसा सांगणार.

मूषकवाहिनी

हो दादा, पहिली बॅच पॅराफिनमध्येच घातली होती, सिनियरने दिलेला प्रोटोकॉल डोळे झाकून केला, दोन उंदीर वाया गेले, त्याचं अजून वाईट वाटतं. आत्ताचे सेक्शन क्रायोचे (गोठवून कापलेले) आहेत. 4 टक्के पीएफएने फिक्स, मग 30 टक्के साखरेत रात्रभर, ओसीटी जेलमध्ये गोठवून 10 मायक्रॉनचे काप. पीसीआर कानाचाच, ते मात्र डोक्यातच आलं नव्हतं.

एक गंमत, कव्हरस्लिपच्या कडा मी तुळशीबागेतल्या नेलपॉलिशने बंद करते, त्याने काही होतं का?

कावळा_लॅबमधला

होतं तर! नेलपॉलिशमधलं सॉल्व्हंट आत झिरपलं की कडेचा रंग उडतो. वाळून घट्ट होणारं माउंटिंग मीडियम घे. पण तुझ्या पेशी मधेच गायब आहेत, कडेला नाही, म्हणजे गुन्हेगार दुसरा.

हापूसप्रेमी

अवांतर: हे उंदीर रात्री पिंजऱ्यात चमकतात का हो?

कावळा_लॅबमधला

नाही हो काका, योग्य रंगाचा उजेड टाकला आणि फिल्टरमधून बघितलं तरच. शिवाय तिच्या उंदरांत रंग मुख्यतः आतड्यात, बाहेरून चारचौघांसारखेच.

क्रायोस्टॅट_काकू

मूषकवाहिनी, जरा शांतपणे वाच गं. मी आतड्यावरच काम केलंय, आता सोडलं.

मोठ्या उंदरात एक क्रिप्ट म्हणजे एकाच स्टेम सेलचं कुटुंब असतं. जन्मानंतर काही आठवड्यांत बाकीच्या स्टेम सेलचे वंशज बाहेर पडतात आणि एकीचंच घराणं उरतं. क्रे चुकलं असतं तर ते पूर्वजातच चुकलं असतं, कारण विलिन-क्रे जन्माआधीपासूनच चालू असतं. मग अख्खी क्रिप्ट काळी (म्हणजे बिनरंगाची) दिसली असती आणि तिच्यातून व्हिलसवर वर चढणारी काळी पट्टी दिसली असती. तू सांगतेस तसं रंगीत क्रिप्टमध्ये एकेक काळी पेशी, हे क्रेचं काम नाही. शिवाय दोन्ही रंग एकाच एमआरएनएवरून निघतात, त्यामुळे शेजारणी रंगीत असताना हिचं जीन बंद, हेही पटत नाही.

मग काय? पेशी नुकतीच विभागलीये. हिरवा तुकडा मायटोसिसच्या (प्रत्यक्ष विभागणीच्या) शेवटी मोडला जातो, आणि लाल साठून, पिकून दिसायला वेळ लागतो. मधल्या वेळात दोन्ही नाहीत. फुचीत ही फट असतेच, आणि क्रिप्टसारख्या भराभर विभागणाऱ्या ठिकाणी कुठल्याही क्षणी बऱ्याच पेशी त्या फटीत सापडतात. व्हिलसवरच्या विभागायच्या थांबल्यात म्हणून निवांत लाल.

तपासायचं कसं, तर आधी क्रिप्टच्या तळाला पॅनेथ पेशी बघ. त्या विभागत नाहीत, केंद्रकं चांगली लाल पाहिजेत. (केंद्रकातलंच बघ, त्यांचे ग्रॅन्यूल स्वतःच चमकतात, मी एकदा त्यावर आख्खं लॅब मीटिंग वाया घालवलंय.) मग फॉस्फो-हिस्टोन एच-थ्रीची अँटीबॉडी लाव (ती विभागणाऱ्या पेशींना लागते), दूरच्या लाल रंगात, म्हणजे तुझ्या दोन रंगांत मिसळणार नाही. ती लागलेली पेशी हिरवी असायला हवी, आणि मेटाफेजमध्ये (विभागणीच्या मधल्या टप्प्यात) केंद्रकाचं आवरण फुटलेलं असतं म्हणून हिरवं सगळ्या पेशीभर पसरलेलं. काळ्या पेशीला ती लागता कामा नये. लागली तर मॅडम बरोबर. आणि क्रे नसलेल्या भावंडाचा सेक्शन त्याच एक्स्पोजरला काढलायस का?

मूषकवाहिनी

काकू!! पूर्वजाचं डोक्यातच आलं नव्हतं. भावंडाचा सेक्शन फ्रीजरमध्ये आहे, काढला नव्हता. ईडीयू (नवीन डीएनए बनवणाऱ्या पेशींत शिरणारी खूण) पण करू का?

कावळा_लॅबमधला

ईडीयूसाठी जिवंत उंदराला टोचावं लागतं, चारांतला एक जाईल. शिवाय ती खूण दाखवणाऱ्या क्लिक रिअ‍ॅक्शनमधलं तांबं एमव्हीनसचा रंग मारतं, मग जीएफपीच्या (एमव्हीनस त्याचंच भावंड) अँटीबॉडीने परत रंगवत बसा. केलंच तर दोन तासांत टिश्यू काढ, रात्रभर ठेवलंस तर खूण लागलेल्या पेशी विभागून मोकळ्या होतील आणि काळ्यातही खूण दिसेल. काकूंचं आधी कर, त्याला जुने सेक्शन चालतात.

मूषकवाहिनी

नऊ दिवसांनी परत आले. एकही उंदीर न वापरता जुन्याच स्लाइड.

पॅनेथ लाल. भावंड पूर्ण काळं, म्हणजे मी बघत होते ते रंग खरे. अँटीबॉडी लागलेल्या सगळ्या पेशी हिरव्या, एक तर पोकळीच्या बाजूला गोल होऊन बसलेली आणि हिरवं तिच्यात दुधात केशर कालवल्यासारखं पसरलेलं, तिच्याकडे दहा मिनिटं नुसती बघत बसले. काळ्यांपैकी एकीलाही लागली नाही. आणि काळ्या बऱ्याचदा जोडीजोडीने, शेजारीशेजारी! आधीपण अशाच असणार, मी एकेक मोजत होते म्हणून दिसलं नाही.

पण मॅडमही अगदीच चुकीच्या नव्हत्या. एका स्लाइडवर एक क्रिप्ट तळापासून पूर्ण काळी सापडली, तळाला एकही लाल केंद्रक नाही, आणि काकू म्हणाल्या तशीच वर व्हिलसवर काळी पट्टी. फोटो छापून त्यांच्या टेबलावर ठेवला, त्या म्हणाल्या, अशा क्रिप्ट मोजणीतून काढून टाक आणि किती काढल्या ते लिही. नवीन क्रॉसचा विषय निघाला नाही.

क्रायोस्टॅट_काकू

छान. पेपरात फोटो टाकताना लालच्या जागी मजेंटा कर, लाल-हिरवा न कळणारे रिव्ह्यूअर असतात.